भर दुपारचं आवतण

ती गेली त्या दिवशी सोमवार होता. सकाळी तिनं अंगणवाडी उघडली. दुपारी कुलूप लावून ती घरी आली आणि पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आलो तेव्हा ती गेली होती. डॉक्टर आले. त्यांनी हृदय बंद पडलं असं सांगितलं. संध्याकाळी आम्ही तिला घेऊन गेलो.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. माणसं अजून भेटायला येतात. आधी माझ्यासमोर दबक्या आवाजात बोलतात, मग कोणीतरी त्या जेवणाची गोष्ट काढतं आणि सगळे हसायला लागतात. मीही हसतो. हसून झालं की माझ्याकडे पाहतात, आपण हसलो ते चाललं ना, असं. चालतं. ती असती तर तिनंच ती गोष्ट काढली असती, आणि माझी नक्कल करून दाखवली असती. म्हणून मी ते जेवणच लिहून ठेवायला घेतलं आहे. मी सावकाश लिहितो. गेला आठवडा वरच्या दोन परिच्छेदांतच गेला.

मी बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. आमच्या जिल्ह्यात माणूस कुठला हे विचारताना आधी घाटावरचा की घाटाखालचा, एवढंच विचारतात. बुलढाणा घाटावर. तिथे कचेऱ्या आहेत, कोर्ट आहे, कॉलेजं आहेत, आणि उन्हाळ्यातही पहाटे अंगावर चादर घ्यावी लागते. आमचं गाव घाटाखाली, वरवट बकालच्या बाजाराला पायी जाता येईल इतकं जवळ. नोकरीची सगळी वर्षं मी घाटावर खोली करून राहिलो आणि ती, माझी बायको, गावात राहिली, अंगणवाडी सेविका म्हणून. शनिवारी मी एसटीनं खाली उतरायचो. मोताळ्याच्या पुढे खिडकीतून येणारी हवा बदलायची. एप्रिलमध्ये तर कोणी पेटल्या चुलीचं तोंड बसकडे वळवलंय असं वाटायचं. बोलणंही बदलायचं. घाटावर मी पुस्तकी मराठी बोलायचो. गावात उतरलो की जीभ आपोआप चपला काढून ओसरीवर बसायची.

ग्रंथालयात येणाऱ्या मासिकांतून मी हवामानबदलाबद्दल पुष्कळ वाचलं होतं. मलकापूरच्या स्टेशनवर कधी जाणं झालं तर तिथूनही काहीबाही घेऊन यायचो. शनिवारी रात्री जेवताना ते सगळं तिला सांगायची मला सवय होती. वितळणारा बर्फ, वर येणारा समुद्र, मोठमोठ्या देशांच्या परिषदा. ती भाकरी थापत ऐकायची.

"एवढे मोठे लोक जमले, मंग ठरलं काय?"

"पुढच्या वर्षी पुन्हा जमायचं ठरलं."

"म्हंजे आपल्या ग्रामसभेवानीच हाये की," ती म्हणायची आणि भाकरी तव्यावर टाकायची.

एकदा मात्र ती चिडली. त्या दिवशी मी फार वेळ बोललो असणार. "तुमचं जग तापून राह्यलं ते समजलं," ती म्हणाली. "माही अंगणवाडी तापून राह्यली, त्याचं सांगा. वोट कोणाले देलं म्हंजे ते थंडी होईन?" मी वाचलेल्या लेखांत राजकीय इच्छाशक्ती हा शब्द दर पानावर असायचा, पण ती कुठल्या दुकानात मिळते ते कोणी लिहिलेलं नव्हतं.

अंगणवाडी आमच्या घराला लागूनच आहे, विहाराच्या मागे. पूर्वी ती कवेलूच्या खोलीत भरायची. कवेलू म्हणजे कौलं, मातीची भाजलेली, पन्हाळीसारखी. वानरांची टोळी छपरावर नाचून गेली की ते फुटायचे आणि पावसाळ्यात खोली गळायची. मग एका वर्षी आमच्याकडे विकास आला. कवेलू उतरवून पत्रे टाकले, दारातला कडुनिंब तोडून तिथे फरशी केली, उद्घाटनाला फेटे बांधले, फोटो काढले. टाळ्या आम्हीही वाजवल्या. पत्रा म्हणजे पुढे जाणं, असंच तेव्हा सगळ्या गावाला वाटत होतं. उद्घाटन हिवाळ्यात झालं, त्यामुळे आत उभं राहून कोणाला काही वेगळं जाणवलं नाही.

पुढचे उन्हाळे वाढत गेले. आधी मार्च शेवटाला तापायचा, मग होळीच्या आधीच तापायला लागला. आया लेकरांना सकाळी सोडायच्या आणि तासाभरातच परत न्यायला यायच्या. पुढे पुढे सोडेनाशाच झाल्या. मी निवृत्त होऊन कायमचा गावी आलो त्याच उन्हाळ्यात पर्यवेक्षिकाबाई तपासणीला आल्या. खोलीत मोजकीच लेकरं होती, तीही पाण्याच्या माठाला पाठ टेकून बसलेली. हजेरी अशीच राहिली तर पुढच्या वर्षी ही अंगणवाडी रस्त्यापलीकडच्या अंगणवाडीला जोडावी लागेल, असं त्या म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. बोलताना त्यांचा स्वतःचा पदर घामानं चिंब झाला होता. पण मधला रस्ता डांबरी, त्यावरून दिवसभर ट्रक जातात. आमच्या वस्तीतली तीन वर्षांची लेकरं तो ओलांडून जाणार नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. अंगणवाडी जोडली म्हणजे आमच्यापुरती बंदच झाली.

तिनं ग्रामसभेत विषय काढला. "बाई, उन्हाळ्यात गरम होणारच," असं उत्तर आलं आणि सभा हसली. तीही हसली. घरी येऊन तिनं मला सांगितलं, "हासले ते बरं झालं. रागावले असते तं विषय संपला असता."

मी तिला म्हणालो, अजून एक वर्ष पाहू, काही तरी मार्ग निघेल. यावर ती जे बोलली ते माझ्या सगळ्या मासिकांत नव्हतं. तीन वर्षांचं लेकरू एक वर्ष थांबलं की चारचं होतं, आणखी एक वर्ष थांबलं की शाळेत जातं. "मोठ्याइले थांबता येते," ती म्हणाली. "लायन्याइले थांबता येत नाही."

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, आणि ती नेमकी एप्रिलच्या अखेरीस आली. सरपंचपदाला दोघे उभे होते आणि दोघे एकमेकांचे साडू. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरले साडू माजी सरपंच, अंगानं भरलेले, आवाज मोठा. धाकट्या साडूंचं कृषी केंद्र, खतं-बियाणं विकायचे. अंगानं काडी आणि जीभ चाकू. दिवाळीला दोघांना एकाच सासुरवाडीला जावं लागायचं, तिथेही म्हणे ते एका बाजेवर दोन टोकांना बसायचे. एकानं गावाच्या वेशीवर सिमेंटची कमान बांधायचं आश्वासन दिलं होतं, दुसऱ्यानं सगळ्या गल्ल्यांत पेव्हर ब्लॉक बसवायचं. उन्हाबद्दल दोघांकडेही काही नव्हतं.

एका सकाळी चहा गाळताना तिनं विचारलं, "हे लोक मत मांगाले कधी येतात?"

"सकायी येतात. नाही तं दिवस बुडता."

"दुपारी काऊन नाही येत?"

"उन राह्यते ना."

ती गाळणी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली. मग हसली. तिचे आधी खांदे हसायचे, आवाज मागून यायचा. "म्हंजे उन हाये हे त्याइले मालूम हाये," ती म्हणाली. "मंग दुपारीच बलावू."

मी तिला आठवण करून दिली की ती मानधनावर का होईना, सरकारी कामातली बाई. तिला प्रचार करता येत नाही. "प्रचार कोण करून राह्यलं बाप्पा? जेवाले बलावून राह्यलो." मी ग्रंथपाल असल्यामुळे आचारसंहिता काढून वाचली. उमेदवारानं मतदाराला जेवू घालणं चालत नाही, हे त्यात ठळक होतं. मतदारानं उमेदवाराला जेवू घातलं तर काय, यावर एक ओळ सापडली नाही. असं कधी घडेल हे नियम लिहिणाऱ्यांच्या मनातच आलं नसावं. "आन दोघाइले एकाच पंगतीत बसवलं तं मंग मी कोणाच्या पक्षाची?" तिनं विचारलं. मी म्हटलं, रोडग्याच्या पक्षाची.

आवतण द्यायला ती उमेदवारांकडे गेलीच नाही. ती त्यांच्या बायकांकडे गेली. थोरलीला म्हणाली, धाकटे भाऊ येऊन राह्यले. धाकटीला म्हणाली, थोरल्या भाऊंचं पक्कं हाये. त्यानंतर दोघांपैकी कोणाची माघार घ्यायची छाती नव्हती. अंगणवाडीची मदतनीस बाई आणि तिनं मिळून बेत ठरवला. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वर तूप आणि गूळ. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, मग फोडून तुपात बुडवायचे. हे खरं थंडीतलं, शेतातलं जेवण. ते भर एप्रिलमध्ये, भर दुपारी, पत्र्याच्या खोलीत. विहारातली जयंतीची मोठी भांडी नुकतीच घासून ठेवली होती, ती कामाला आली. गोवऱ्यांचा हार, म्हणजे रचलेली रास, अंगणवाडीच्या भिंतीला अगदी लागून पेटवला होता. हे ठरवून की चुकून, ते मी तिला विचारलं नाही.

आता पंगतीचं सांगायला हवं. आमच्याकडे पंगतीत बसलेल्या शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठत नाही. मध्येच उठणं म्हणजे शेजारच्या ताटाचा अपमान. आणि मी पंचक्रोशीत सगळ्यात सावकाश जेवणारा माणूस आहे. लग्नात वाढपी माझ्या पानापुढे उभे राहून उसासे टाकतात. आमच्या लग्नातही व्याही मंडळी हात वाळवत बसली होती, हे तिनं मला आयुष्यभर ऐकवलं. "तुमी जेवता का वाचता?" असं ती विचारायची. त्या सकाळी तिनं माझ्या सदऱ्याची बटणं लावून दिली आणि म्हणाली, "आज तुमच्या मनासारखं जेवा."

बाराच्या सुमारास दोघे आले, मागे चार-चार कार्यकर्ते. वस्तीतले बापे आधीच बसले होते. बाया दारात आणि खिडकीशी. खोलीत पंखा होता, पण वीज नव्हती. डोक्यावर पत्रा तापून तडतड वाजत होता, जणू कोणी वर लाह्या भाजतंय. तिनं दोन्ही साडूंना शेजारी शेजारी बसवलं आणि त्यांच्या समोर मला.

पहिला रोडगा फुटेपर्यंत थोरल्यांचा सदरा पाठीला चिकटला. "बाई," ते म्हणाले, "बाहीर सावलीत बसवलं असतं तं?"

"सावली होती जी भाऊ, निंबाची. तुमच्याच हातानं फरशी झाली तिथं." ती हसत तूप वाढत होती. "आन लेकरं रोज इथंच जेवतात. तुमाले परकं कसं समजू?"

"थोरल्याइले गरम होत असन," धाकटे म्हणाले. "वजन हाये ना."

"गावात वजन हाये म्हणून अंगावर हाये. तुमचं दोन्हीकडं नाही."

बापे हसले. खिडकीतून कोणी तरी म्हणालं, "घ्या, सासुरवाडीची दिवाळी आली!" थोरल्यांनी ताटावर हात आडवा धरला, पुरे म्हणून. ती तशीच उभी राहिली. "धाकट्या भाऊनं तिसरा घेतला जी," ती हळूच म्हणाली. थोरल्यांनी शेजारच्या ताटात डोकावून पाहिलं. आडवा हात बाजूला झाला. "टाका." ते पाहून धाकट्यांनी चौथा मागितला. इथे तिचा हिशोब चुकला. दोघे घामानं हैराण होऊन भराभरा संपवतील आणि माझ्यासाठी खोळंबतील, असं तिनं धरलं होतं. पण साडू साडूपुढे माघार घेईना. दोघे खात सुटले आणि मदतनीस बाई खुणेनं विचारायला लागली की रोडगे पुरतील का.

माझी अवस्था त्यांच्याहून वाईट होती. कपाळावरचा घाम वरणात पडत होता. गोवऱ्यांची धग भिंतीतून पाठीला लागत होती. घास गिळवत नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला भराभरा जेवून मोकळं व्हावंसं वाटत होतं. ते तिला कळलं. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "होऊ द्या तुमचं सावकाश." मागच्या रांगेतला एक कार्यकर्ता शेजाऱ्याला कुजबुजला, "अबे, सर घास चावून राह्यले का पाठ करून राह्यले?" मला हसू आलं आणि ठसका लागला. त्यात आणखी वेळ गेला.

शेवटी साडूंचे हात थांबले. दोघांची ताटं रिकामी, माझ्या ताटात अर्धा रोडगा. उठता येईना. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा दोघे खोलीकडे पाहायला लागले. मला वाटतं, उद्घाटनानंतर पहिल्यांदाच. त्यांची नातवंडं रस्त्यापलीकडे जायची, तिथे अजून जुना निंब आहे. धाकट्यांच्या हाताशी लाकडी फळी होती, तिच्यावर लेकरांचे मेणाचे खडू. त्यांनी चाळा म्हणून लाल खडू उचलला. तो त्यांच्या बोटांत मऊ दोरीसारखा वाकला आणि अंगठ्याला चिकटला.

"हे काय हाये, बाई?"

"खडू. चित्र काढाचा."

"असा काऊन झाला?"

"सकायपासून इथंच बसला हाये ना तो," ती म्हणाली. "तुमी तं आत्ताच आले."

धाकटे अंगठा पुसत राहिले, लाल रंग पुसला जाईना. पत्रा वाजत होता. थोरल्यांनी पदराएवढ्या रुमालानं मान पुसली, वर पाहिलं, आणि उजवा हात रिकाम्या ताटावर ठेवला. आमच्याकडे जेवल्या ताटावर हात ठेवून दिलेला शब्द माणूस फिरवत नाही. फिरवला तर लोक त्याच्या घरी पाणी पिताना विचार करतात. "ह्या ताटावर हात ठेवून सांगतो," ते म्हणाले, "निवडून आलो तं पह्यलं काम हे छप्पर."

धाकट्यांना आता त्यांच्यावर चढ करायची होती. त्यांचाही हात ताटावर आला. "निवडून आल्यावर तं कोणीबी करते. मी पडलो तरी करतो!"

अख्खी पंगत हसत सुटली. पडलो तरी, असं बोलणारा उमेदवार आमच्या गावानं पाहिला नव्हता. त्यांचेच कार्यकर्ते कपाळाला हात लावून बसले. "भाऊ, पडाची गोठ आत्तापासून काऊन काढून राह्यले!" धाकट्यांना चूक कळली, पण हात ताटावर होता. आणि थोरले मागे कसे राहणार? "मीबी," ते गरजले. "पडलो तरी!"

ती माझ्याकडे वळली. तिचे खांदे हलत होते. "आता आटपा बरं," ती म्हणाली.

ही गोष्ट त्याच संध्याकाळी पाराजवळ पोहोचली. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या गल्लीनं दोघांना आवतण दिलं, दुपारी एकचं. मग पाण्याच्या टाकीजवळच्यांनी, मग रस्त्यापलीकडच्यांनी. मतदान होईपर्यंत दोघे साडू रोज भर उन्हात कोणाच्या ना कोणाच्या पत्र्याखाली जेवत होते. एका ठिकाणी गेले आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असं करता येईना. धाकट्यांच्या अंगावर मांस चढलं, असं त्यांची बायको सांगायची. आणि प्रत्येक ताटामागे प्रश्न होता. वेशीवरचे निंब कोणी तोडले? रोजगार हमीचं काम दहाला काऊन सुरू होते, सहाला काऊन नाही? एसटीची वाट पाहणाऱ्या बायांनी कुठे उभं राहायचं? शेवटच्या सभेत कमानीचं नाव कोणी काढलं नाही. दोघेही सावलीवर बोलले. थोरले म्हणाले, मी सावली देईन. धाकटे म्हणाले, त्यांची सावली मोठी हाये, पण ते ती घरीच ठेवतात.

त्या दिवसांत ती जितकी आनंदात होती तितकं आनंदात मी तिला कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ओसरीवर बसून ती आज कोणाच्या पंगतीत काय झालं ते सांगायची. मी बोलायचो नाही, ऐकायचो. आमच्या घरात हे उलटं झालं होतं. माझ्या मासिकांत ज्याला जगाचा सगळ्यात तातडीचा प्रश्न म्हणत, तो आमच्या गल्लीत वांग्याच्या भाजीसोबत वाढला जात होता आणि दोन साडू तो घामाघूम होऊन खात होते.

थोरले निवडून आले. ते फसवणारे नव्हते, पण पावसाळा आला, मग अभियंता घाटावरून खाली आला, खोलीत थंड महिन्यात उभा राहिला आणि म्हणाला की मंजूर अंदाजपत्रकात पत्राच आहे, कवेलू नावाची वस्तूच नाही. थोरले म्हणत राहिले, "शब्द देला हाये ना बाई." दिवाळी गेली. उन्हाळा पुन्हा येणार होता आणि पर्यवेक्षिकाबाईही.

तेव्हा ती पडलेल्या उमेदवाराकडे गेली. मी सोबत होतो. दुकानात गिऱ्हाइकं होती. ती काउंटरसमोर उभी राहिली आणि एवढंच विचारलं, "भाऊ, रोडगे पचले का?"

धाकट्यांनी खताच्या पोत्याकडे पाहिलं, गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "पचले असते तं बरं झालं असतं," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांचा ट्रॅक्टर आमच्या वस्तीत आला. पाडलेल्या गोठ्याचे कवेलू ट्रॉलीभर. पडलेल्यानं शब्द पाळला म्हटल्यावर निवडून आलेल्याला झोप येईना. थोरल्यांनी स्वतःच्या घरचं लाकूड पाठवलं. मग लोकांनी परसात रचून ठेवलेले जुने कवेलू डोक्यावरून आणले. जे आम्ही मागासलेपण म्हणून उतरवून ठेवलं होतं ते सगळं गाव पुन्हा वर चढवत होतं, आणि कोणाला त्याची लाज वाटत नव्हती. गवंड्यानं पत्रा तसाच ठेवून वर लाकडाचा सांगाडा उभारला, मध्ये वारा फिरायला जागा सोडली आणि त्यावर कवेलू बसवले. काम संपलं त्याच दिवशी वानरं येऊन बसली. मदतनीस बाई काठी घेऊन धावली. "बसू दे व," ती म्हणाली. "वांदराइले बी सावली पाह्यजे."

पुढच्या उन्हाळ्यात खोली थंड झाली, असं मी लिहिणार नाही. थंडी घाटावर असते. पण दुपारी जेवण झालं की लेकरं तिथेच सतरंजीवर झोपायला लागली. मी घरातून पाहायचो. ती दारात बसलेली असायची आणि आत सगळी वस्ती ओळीनं झोपलेली. पर्यवेक्षिकाबाई आल्या तेव्हा लेकरं मोजताना त्यांनी आवाज खाली आणला. मग टेकून बसल्या आणि त्यांचाही डोळा लागला. ती मला हाक मारून दाखवायला घेऊन गेली. जोडण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

तो एक उन्हाळा तिला मिळाला. त्यानंतरच्या हिवाळ्यात तो सोमवार आला.

ती गेल्यावर काही दिवस मी काहीच वाचलं नाही. आता पुन्हा वाचतो. मासिकांत अजून परिषदा होतात आणि पुढच्या वर्षी जमायचं ठरतं. आमच्या ग्रामसभेत यंदा मार्चमध्ये उन्हाचा विषय पहिला घेतला, आणि निंब कोणाच्या दारात लावायचे यावरून दोन तास भांडण झालं. थोरले आणि धाकटे दोघेही जोरात बोलले. एसटी थांब्यावर अजून सावली नाही. रोजगार हमीचं काम उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू होतं. गावातली बहुतेक घरं पत्र्याचीच आहेत, आणि यंदाचा एप्रिल मागच्यापेक्षा कडक आहे.

नवी सेविका वरवट बकालहून येते. तिचा आवाज मोठा आहे, भिंतीपलीकडून मला तिची बडबडगीतं ऐकू येतात. लेकरं दुपारी झोपतात. अंगणवाडी चालू आहे, आणि मी तिच्या शेजारच्या घरात राहतो.